युरोपात वकील, न्यायाधीश आणि प्राध्यापक मिळून मसुदा कसा बनवतात? (तालुका वकील संघाच्या अभ्यास मंडळासाठी)

तापीकाठ, रावेर

राम राम मंडळी. तालुका वकील संघात अभ्यास मंडळ सुरू होत आहे. पहिलं काम म्हणून केळीच्या शिवार खरेदीचा नमुना करार हातात घ्यायचा विचार आहे. व्यापारी बागेत येतो, भाव तोंडी ठरतो, घड कापले जातात, आणि पैसे अडकले की कोर्टात दाखवायला वजनाच्या चिठ्ठीपलीकडे फारसं काही नसतं.

युरोपियन लॉ इन्स्टिट्यूटमध्ये वकील, न्यायाधीश, नोटरी आणि प्राध्यापक एकत्र बसून मसुदे करतात, एवढं माहीत आहे. विचारायचं ते असं: मसुदा प्रत्यक्ष कोण लिहितं आणि मतभेद कसे मिटतात? त्या मसुद्याला कायद्याचा जोर असतो का? अशी कामं फसली ती कुठे? आणि इथल्या माणसाला तिकडच्या मसुद्यावर हरकत नोंदवता येते का? माल युरोपात पाठवायचा म्हटलं की नियम त्यांचेच लागतात, म्हणून हा शेवटचा प्रश्न.

---

मसुदाकार, धुळे

वकीलसाहेब, आधी रचना सांगतो.

ही संस्था २०११ साली स्थापन झाली. सचिवालय व्हिएन्ना विद्यापीठात आहे. नमुना अमेरिकेतला: अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट १९२३ पासून असंच काम करते. संस्था सरकारी नाही आणि तिच्या मसुद्याला आपोआप कायद्याचा जोर येत नाही. युरोपियन युनियनमध्ये कायद्याचा प्रस्ताव मांडायचा अधिकार जवळपास सगळा युरोपियन कमिशनकडे आहे. म्हणून संस्थेचा मसुदा कमिशनने, एखाद्या देशाच्या संसदेने किंवा एखाद्या न्यायालयाने उचलला तरच पुढे सरकतो. उचलावासा वाटेल इतका तो पक्का करायचा, सगळी मेहनत त्यासाठीच असते.

आता कामाची पद्धत. विषयाचा प्रस्ताव आधी कौन्सिलपुढे जातो. तो मंजूर झाला की लिहिण्याची जबाबदारी रिपोर्टर म्हणून नेमलेल्या मोजक्या लोकांवर येते. लेखणी त्यांच्याच हातात राहते, हे महत्त्वाचं. वीस जणांनी मिळून वाक्यं लिहिली तर प्रत्येकाला खूश करणारं आणि कोणालाच न बांधणारं वाक्य तयार होतं. रिपोर्टरांच्या मागे दोन चाळण्या असतात. पहिली सल्लागार समितीची, म्हणजे त्या विषयातल्या निवडक जाणकारांची. दुसरी सभासदांच्या सल्लागार समितीची, तिच्यात रस असलेला सभासद आपणहून येतो. मसुदा दोन्हींतून फिरतो, सुधारून परत येतो, मग कौन्सिलच्या मतदानाला जातो आणि शेवटी सभासदांच्या मतदानाला.

मतभेद मिटवण्याचं खरं हत्यार मसुद्याच्या मांडणीत आहे. प्रत्येक कलमाखाली भाष्य असतं: हा नियम का, दुसरा पर्याय का नाकारला. पुष्कळदा छोटी उदाहरणंही असतात: ‘क’ने ‘ख’ला माल विकला, अमुक झालं, तर या नियमाने असं होईल. आक्षेप घेणाऱ्याला मोघम ‘हे पटत नाही’ म्हणून सुटता येत नाही. उदाहरणात निकाल कुठे चुकतो ते दाखवावं लागतं. आपल्या मंडळात एवढी एक सवय लागली तरी बैठकीतली निम्मी भांडणं कमी होतील.

नमुना बघायचा तर याच संस्थेने युनिड्रुवासोबत (देशोदेशीच्या खासगी कायद्यात एकवाक्यता आणू पाहणारी आंतरराष्ट्रीय संस्था) केलेले दिवाणी प्रक्रियेचे आदर्श युरोपीय नियम बघा. दोन्ही संस्थांनी ते २०२० मध्ये मंजूर केले. समन्स बजावणी, पुरावा, तात्पुरते आदेश, खर्च, अपील अशा विषयांना वेगवेगळे कार्यगट होते आणि ते सगळं एकसंध करायला आणखी एक वेगळा गट. हा जोडणारा गट नसेल तर एकच शब्द दोन प्रकरणांत दोन अर्थांनी येतो. त्यातला नियम २ पक्षकार, त्यांचे वकील आणि न्यायालय या तिघांवर वादाच्या न्याय्य, कार्यक्षम आणि लवकर निकालासाठी सहकार्य करण्याचं कर्तव्य टाकतो. नियम असा दोन ओळींचा. पुढच्या नियमांत आणि भाष्यात मग कोणी काय करायचं ते येतं.

---

पांझरा, साक्री

मसुदाकारांनी मांडणी नीट सांगितली. मी फसलेल्या कामाबद्दल लिहितो, कारण शिकण्यासारखं तिथे जास्त आहे.

डॅनिश प्राध्यापक ओले लांडो यांच्या आयोगाने युरोपीय करार कायद्याची तत्त्वं तयार केली. पहिला भाग १९९५ चा, तिसरा २००३ चा. पुढे ख्रिस्टियान फॉन बार यांच्या पुढाकाराने आणखी मोठा आराखडा झाला आणि २००९ मध्ये सहा खंडांत छापून आला. काम अव्वल दर्जाचं, पण लिहिणारे बहुतेक प्राध्यापक.

त्या पायावर कमिशनने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सामाईक युरोपीय विक्री कायद्याचा प्रस्ताव आणला. कलमं १८६. देशांचे कायदे तसेच ठेवायचे आणि दोन्ही बाजूंना हवं असेल तर करारापुरता हा कायदा निवडायचा, अशी कल्पना. कमिशनच्या तज्ज्ञ गटाला आधीचा अभ्यास साधारण वर्षभरात उरकावा लागला होता. २०१४ मध्ये युरोपियन संसदेने पाठिंबा दिला, पण देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत गाडी अडली आणि त्याच वर्षाच्या शेवटी कमिशनने प्रस्ताव मागे घेत असल्याचं जाहीर केलं.

माझ्या मते कारणं तीन. पहिलं, व्यापाऱ्याच्या सल्लागार वकिलाला हा कायदा निवडण्याचं कारणच दिसेना. ज्याच्यावर एकही निवाडा नाही असा कायदा अशिलाला कोण सुचवणार? दुसरं, व्याप फार मोठा. विक्रीबरोबर करार कसा होतो, फसवणूक, मुदत, सगळंच त्यात कोंबलेलं. तिसरं, प्रस्ताव युरोपियन युनियनच्या करारातल्या ज्या कलम ११४ वर (सामाईक बाजारपेठेसाठी कायदे जुळवण्याचा अधिकार) उभा होता तो आधार पुरेसा आहे का, यावरच वाद होता.

त्यातून धडा घेऊन पुढे दोनच गोष्टी उचलल्या गेल्या: डिजिटल सेवांचे करार आणि वस्तूंच्या विक्रीत ग्राहकाचे हक्क. २०१९ चे ७७० आणि ७७१ क्रमांकाचे डायरेक्टिव्ह (म्हणजे प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात उतरवायचे युरोपीय नियम) ते हेच. १ जानेवारी २०२२ पासून ते लागू आहेत. विषय लहान केला तेव्हाच काम तडीस गेलं.

शब्दांचं एक सांगतो. लांडो तत्त्वांत कलम १:२०१ आहे: प्रत्येक पक्षाने सद्भावाने आणि प्रामाणिक व्यवहाराने वागलं पाहिजे आणि हे कर्तव्य करारातून वगळता येणार नाही. जर्मन वकिलाला यात नवं काही नाही, त्यांच्या दिवाणी संहितेत तेच तत्त्व आहे. इंग्लंडमध्ये मात्र हाउस ऑफ लॉर्ड्सने (तिथलं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) १९९२ मध्ये वॉलफर्ड विरुद्ध माइल्स खटल्यात सद्भावाने वाटाघाट करण्याचं बंधन मानायला नकार दिला. म्हणजे एकच वाक्य दोन वकील वाचतात आणि दोघांच्या डोळ्यांसमोर वेगळे निवाडे येतात. युरोपियन युनियनच्या अधिकृत भाषा २४, आणि प्रत्येक भाषेतला मजकूर सारखाच अस्सल मानला जातो. त्यामुळे तिथे व्याख्येवर जितका वेळ जातो तितका बाकी कशावर जात नसावा.

---

सातपुडा, शहादा

पांझराभाऊ, एक वाट राहिली. कायदा फक्त मसुद्यातून सुधारत नाही, खटल्यातूनही सुधारतो, आणि तिथेही वकील आणि न्यायाधीश मिळूनच काम करतात.

युरोपियन युनियनच्या करारातलं कलम २६७ असं: देशातल्या कोणत्याही न्यायालयाला युरोपीय कायद्याच्या अर्थाबद्दल शंका असेल तर ते खटला थांबवून लक्झेंबर्गच्या न्यायालयाला, म्हणजे युरोपियन युनियनच्या न्यायालयाला, प्रश्न विचारू शकतं. शेवटच्या पायरीच्या न्यायालयावर तर तसं विचारण्याचं बंधन आहे. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११३ आणि ऑर्डर ४६ याच जातीचे, फक्त आपला मार्ग अरुंद. ऑर्डर ४६ मध्ये ज्या डिक्रीवर अपील नाही अशाच दाव्यातला प्रश्न उच्च न्यायालयाकडे जातो, आणि न्यायालयाने स्वतःचं मत जोडून पाठवायचा असतो.

उदाहरण बार्सिलोनाच्या अझीज खटल्याचं, क्रमांक सी-४१५/११. घरकर्ज १,३८,००० युरो, थकबाकीवर व्याज १८.७५ टक्के. स्पेनच्या कायद्यात गहाणाच्या अंमलबजावणीत ‘करारातली अट अन्यायकारक आहे’ हा बचावच घेता येत नव्हता. वेगळा दावा लावला तर तो दावा चालवणाऱ्या न्यायालयाला लिलाव थांबवता येत नव्हता. म्हणजे दावा जिंकला तरी घर गेलेलंच. बार्सिलोनाच्या न्यायालयाने ग्राहक करारातल्या अन्यायकारक अटींबद्दलच्या १९९३ च्या डायरेक्टिव्हचा आधार घेऊन प्रश्न पाठवला. १४ मार्च २०१३ रोजी उत्तर आलं, की अशी व्यवस्था त्या डायरेक्टिव्हच्या आड येते. दोन महिन्यांत, मे २०१३ मध्ये, स्पेनने कायदा बदलला.

तरी तो बदल अर्धाच झाला. बचाव फेटाळला तर कर्जदाराला अपील नाही, पण बचाव मान्य झाला तर बँकेला अपील आहे, असा एक खड्डा राहून गेला. तोही पुढच्या वर्षी सांचेस मोर्सिलो खटल्यात याच वाटेने उघडा पडला.

प्रश्न लिहिण्यात चूक कुठे होते ते महत्त्वाचं आहे. ‘आमचा कायदा युरोपीय कायद्याशी विसंगत आहे का?’ असं सरळ विचारायचं नसतं. लक्झेंबर्ग देशाच्या कायद्यावर निवाडा देत नाही, ते फक्त युरोपीय कायद्याचा अर्थ सांगतं. म्हणून लिहायचं असं: ‘अमुक डायरेक्टिव्हच्या अमुक कलमाचा अर्थ, मुख्य खटल्यातल्यासारख्या तरतुदीला ते कलम प्रतिबंध करतं, असा लावायचा का?’ वस्तुस्थिती, देशाचा लागू कायदा आणि उत्तर का हवंय याचं कारण, यातलं काही सुटलं तर विनंती अग्राह्य ठरू शकते. न्यायालयाच्याच शिफारशीत म्हटलंय की साधारण दहा पानं पुरतात, कारण ती सगळी पानं भाषांतराला जातात. लांबलचक वाक्य भाषांतरात मोडतं.

---

तापीकाठ, रावेर

सगळ्यांचे मनापासून आभार. एक अडचण. करारात ‘नवती’, ‘पिलबाग’, ‘कांदेबाग’, ‘फरक’ हे केळीच्या बागेतले आणि बाजारातले शब्द ठेवायचे की पुस्तकी मराठी वापरायची? आणि गटात माणसं किती हवीत?

---

मसुदाकार, धुळे

बाजारातलेच शब्द ठेवा, पण प्रत्येकाची व्याख्या करारातच द्या. ‘फरक’ म्हणजे नेमकं काय आणि तो कशावर धरायचा, हे रावेर, यावल आणि चोपड्याच्या प्रत्येकी दोन शेतकऱ्यांना आणि दोन व्यापाऱ्यांना वेगवेगळं बसवून विचारा. बारा उत्तरं शेजारी शेजारी लिहा. उत्तरं जुळली नाहीत तर वाद तिथेच आहे, व्याख्या तिथूनच सुरू करा.

व्याख्या कशी करावी याचा धडा केळीतच आहे. युरोपच्या नियमात, १९९४ च्या रेग्युलेशनपासून, केळं किमान १४ सेंटीमीटर लांब आणि २७ मिलिमीटर जाड लागतं. नुसते आकडे देऊन ते थांबले नाहीत. लांबी बाहेरच्या वळणावरून मोजायची, फुलाकडच्या टोकापासून देठ फणीला जुळतो तिथपर्यंत. जाडी मधोमध, आडव्या छेदाची. आणि मोजायचं कोणतं केळं? फणीच्या बाहेरच्या ओळीतलं मधलं. हे शेवटचं वाक्य नसतं तर विकणाऱ्याने मोठं केळं धरलं असतं आणि घेणाऱ्याने लहान.

आपल्या करारात असाच प्रश्न वजनाचा. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम २२ प्रमाणे, ठराविक माल सुपूर्द करण्याजोगा असला तरी किंमत ठरवण्यासाठी विकणाऱ्याला तो मोजायचा किंवा तोलायचा असेल, तर ते होऊन घेणाऱ्याला कळेपर्यंत मालकी त्याच्याकडे जात नाही. मग घड कापून बांधावर पडले, वजन व्हायचंय, आणि पाऊस आला तर नुकसान कोणाचं? करारात वेगळं ठरलं नसेल तर धोका मालकीबरोबर चालतो, म्हणजे नुकसान शेतकऱ्याचं. तोलायचं काम व्यापाऱ्यावर असेल तर हे कलम लागतच नाही. म्हणून तोलायचं कोणी, कोणत्या काट्यावर, कापणीनंतर किती तासांत, दांडा धरायचा की वजा करायचा, आणि तोपर्यंत धोका कोणावर, या पाच गोष्टी एकाच कलमात घ्या आणि खाली पावसाचं हे उदाहरण भाष्य म्हणून जोडा.

माणसं: लिहायला दोघं, तीनपेक्षा जास्त नकोत. चाळणीला सात-आठ, त्यात व्यापाऱ्यांच्या बाजूने काम करणारे किमान दोन वकील हवेतच. एकाच बाजूने लिहिलेला नमुना दुसरी बाजू सही न करता परत पाठवते. शक्य असेल तर निवृत्त दिवाणी न्यायाधीश एक असू द्या. कोणत्या कलमावर पुरावा काय येणार हे त्यांना आधी दिसतं.

---

सातपुडा, शहादा

हरकतीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. हो, नोंदवता येते. कमिशनच्या ‘हॅव युवर से’ पोर्टलवर खातं काढून युरोपबाहेरची व्यक्ती किंवा संस्थाही अभिप्राय देऊ शकते. सार्वजनिक सल्लामसलत साधारण १२ आठवडे चालते, पण दुय्यम नियमांचे मसुदे फक्त चार आठवडे खुले असतात. निर्यातीला आडवे येणारे बारीक नियम पुष्कळदा याच दुसऱ्या गटात असतात, म्हणून आठवड्यातून एकदा पोर्टल बघायला एक माणूस नेमा. कीडनाशकांच्या अवशेषांच्या मर्यादा बदलताना मसुदा जागतिक व्यापार संघटनेलाही कळवला जातो. तिथे साधारण ६० दिवस मिळतात, पण हरकत सरकारमार्फत जाते.

अभिप्राय इंग्रजीत, दोन पानांत लिहा. कलमाचा क्रमांक, त्याने काय अडतं, आणि त्या जागी कोणता मजकूर हवा ते तयार वाक्यात. अवशेषांचं असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे अहवाल जोडा. ‘शेतकऱ्यांचं नुकसान होईल’ एवढंच लिहिलं तर तिकडच्या मसुदाकाराला त्याचं काही करता येत नाही.

---

तापीकाठ, रावेर

मिळालं. वजनाचं कलम आधी घेतो. पंधरा दिवसांत पहिला मसुदा भाष्यासह इथे टाकतो. व्यापाऱ्यांच्या बाजूच्या वकिलांनी त्यावर उदाहरणासह आक्षेप लिहावेत ही विनंती.