कुमारवयीन वाचकांसाठी फँटसी निवडताना पुरस्कारांच्या याद्या कितपत उपयोगी पडतात?

शाल्मली, नाशिक

नमस्कार. माझी भाची यंदा आठवीत गेली. हॅरी पॉटरचे सुरुवातीचे भाग तिने मराठी अनुवादातून वाचले, पुढे धीर न धरवल्यामुळे उरलेले इंग्रजीतून वाचून काढले, आणि त्यानंतर मात्र तिची गाडी अडली आहे. पुस्तकांच्या दुकानात गेलो की दर्शनी भागात जे मांडलेले असते तेच हाती लागते, आणि त्यातली बरीच पुस्तके ती पन्नासएक पानांनंतर बाजूला ठेवते. संकेतस्थळांवरच्या शिफारशीही फिरून फिरून त्याच चार नावांवर येऊन थांबतात.

अलीकडे एका मुखपृष्ठावर 'लोडस्टार पुरस्कार विजेती' असे छापलेले पाहिले आणि लक्षात आले की इंग्रजीत कुमारवयीनांच्या फँटसीसाठी स्वतंत्र पुरस्कार दिले जातात. या पुरस्कारांच्या याद्यांवरून पुस्तके शोधणे कितपत योग्य ठरेल? पुरस्कार मिळालेले पुस्तक मुलांनाही आवडते, की ते मोठ्यांनी मोठ्यांच्या आवडीने निवडलेले असते? शिवाय तेरा वर्षांच्या मुलीला ते पुस्तक वयानुरूप आहे की नाही, हे कसे ओळखावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ग्रंथयात्री, पुणे

शाल्मलीताई, या याद्यांचा उपयोग निश्चित होतो, मात्र त्यासाठी पुरस्कार कोण देते हे आधी पाहावे लागते. कारण निवडणारे बदलले की यादीचा स्वभावच बदलतो.

आपण उल्लेख केलेला लोडस्टार पुरस्कार विज्ञानकथा आणि फँटसीसाठीच्या ह्यूगो पुरस्कारांच्या सोहळ्यातच दिला जातो, पण तांत्रिकदृष्ट्या तो ह्यूगो नव्हे. तो २०१८ साली सुरू झाला. जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सदस्य, म्हणजे मुख्यतः हौशी वाचक, त्यासाठी मतदान करतात. दुसरा महत्त्वाचा पुरस्कार आन्द्रे नॉर्टन या अमेरिकी फँटसी-लेखिकेच्या नावाचा. नॉर्टन २००५ मध्ये निवर्तल्या आणि त्याच वर्षीच्या पुस्तकांपासून अमेरिकेतल्या विज्ञानकथा आणि फँटसी लेखकांच्या संघटनेने तो देण्यास सुरुवात केली. तिथे मत देतात ते स्वतः लिहिणारे लोक. तिसरा लोकस या विज्ञानकथा आणि फँटसीला वाहिलेल्या मासिकाचा. या मासिकाच्या वार्षिक पुरस्कारांत २००३ पासून कुमार विभाग आहे आणि त्यासाठी कोणताही वाचक मत देऊ शकतो. मिथोपीइक सोसायटी टोल्कीन आणि सी. एस. लुईस यांच्या परंपरेतल्या लेखनाला १९९२ पासून बालकुमारांसाठीचा वेगळा पुरस्कार देते. पुराणकथांच्या अंगाने जाणारे, संथ लयीचे लेखन आवडणाऱ्या मुलांसाठी ती यादी मला सर्वांत भरवशाची वाटते. डायना विन जोन्स यांना हा पुरस्कार १९९६ आणि १९९९ असा दोनदा मिळाला आहे.

आता एक व्यावहारिक सूचना, जी मी प्रत्येकाला आग्रहाने करतो. केवळ विजेत्या पुस्तकावर थांबू नये, त्या वर्षीची संपूर्ण अंतिम यादी पाहावी. लोडस्टारच्या अंतिम यादीत साधारणपणे सहा पुस्तके असतात, आणि सोहळ्यानंतर नामांकनांची सविस्तर आकडेवारी जाहीर केली जाते, तिच्यात अंतिम यादीत येता येता राहिलेल्या पुस्तकांचीही नावे असतात. लोकस मासिकही दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास शिफारस केलेल्या पुस्तकांची मोठी यादी प्रसिद्ध करते आणि त्यात कुमारवयीनांसाठी स्वतंत्र भाग असतो. आपल्या भाचीचे पुस्तक पहिल्या क्रमांकावरच असेल असे नाही, ते या मागच्या रांगेतही सापडू शकते.

दुसरी गोष्ट मालिकांविषयी. फँटसीची पुस्तके बहुधा मालिकेत येतात आणि पुरस्कार पुष्कळदा मधल्या भागाला मिळतो. लोडस्टार ज्या पुस्तकाला पहिल्यांदा मिळाला ते ननेडी ओकोराफोर यांचे 'अकाटा वॉरियर' मालिकेतले दुसरे पुस्तक आहे. २०२२ चे विजेते, नेओमी नोविक यांचे 'द लास्ट ग्रॅज्युएट', हेही दुसरेच. टेरी प्रॅचेट यांच्या 'आय शॅल वेअर मिडनाइट'ला २०१० चा नॉर्टन पुरस्कार मिळाला, ते टिफनी एकिंग या मुलीच्या कथांमधले चौथे पुस्तक. मुखपृष्ठावरचे पदक पाहून तेच पुस्तक मुलाच्या हाती दिले, तर पहिल्या वीस पानांत त्याला कोण कोणाचे काय लागते तेच कळत नाही आणि दोष पुस्तकाला दिला जातो. म्हणून पदक कोणत्याही भागावर असले तरी मालिकेचा पहिला भागच आणावा.

टिफनीचीच गोष्ट घ्या. 'द वी फ्री मेन' या पहिल्या भागात ती नऊ वर्षांची आहे. ओढ्यातून एक राक्षसीण डोके वर काढते, तेव्हा टिफनी घरी येऊन परीकथांचे पुस्तक उघडते. त्यात राक्षसिणीचे डोळे सूपच्या बशीएवढे असल्याचे लिहिलेले असते, म्हणून ही मुलगी घरातली बशी पट्टीने मोजते. ती आठ इंचांची भरते. मग ती तव्यासारखे जड भांडे घेऊन ओढ्यावर परतते आणि धाकट्या भावालाच आमिष म्हणून काठावर बसवते. कथेतले वर्णन पट्टी लावून तपासणारी ही नायिका आठवीतल्या चौकस मुलीला नक्की जवळची वाटेल. या पहिल्या भागाला २००४ चा लोकस पुरस्कार मिळाला होता. अडचण एकच आहे: त्यातले निळ्या अंगाचे बुटके लोक स्कॉटिश धाटणीचे इंग्रजी बोलतात. ते संवाद मनात वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचले तर लवकर कळतात.

मुक्ता, शालेय ग्रंथपाल, ठाणे

ग्रंथयात्री यांच्याशी मी सहमत आहे. वयाच्या मुद्द्याचे उत्तर मात्र अधिक सविस्तर द्यायला हवे, कारण पालक आमच्याकडे सर्वांत आधी तोच प्रश्न घेऊन येतात.

पुरस्काराच्या नावात 'कुमार' असले म्हणजे पुस्तक तेरा वर्षांच्या मुलासाठी आहे असे समजू नये. नॉर्टन पुरस्कार दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या पुस्तकांपासून थेट महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरच्या वाचकांच्या पुस्तकांपर्यंत सर्वांना एकाच विभागात मोजतो. २०२२ चे नॉर्टन-विजेते पुस्तक लहान मुलांसाठीचे आहे, तर २०१७ च्या 'द आर्ट ऑफ स्टार्व्हिंग' या विजेत्या कादंबरीत खाण्याशी संबंधित गंभीर मानसिक आजाराने ग्रासलेला मुलगा आहे. सॅम मिलर यांची ही कादंबरी महत्त्वाची आहे, पण ती शेल्फवरून सहज उचलून देण्याजोगी नाही. ज्या मुलाला आपण ओळखतो आणि ज्याच्याशी नंतर बोलणार आहोत, त्यालाच ती द्यावी. नोविक यांच्या मालिकेतल्या शाळेत विद्यार्थी खरोखर मरतात, म्हणून ती मालिका मी दहावीनंतरच सुचवते.

भीती आणि मृत्यू यांना मात्र मी सरसकट नाकारत नाही. टी. किंगफिशर यांच्या 'अ विझर्ड्स गाइड टू डिफेन्सिव्ह बेकिंग' या कादंबरीची सुरुवातच बेकरीच्या फरशीवर पडलेल्या एका मुलीच्या मृतदेहाने होते. चौदा वर्षांची मोना पहाटे पाव भाजायला येते आणि तिला तो दिसतो. मोनाची जादू फक्त पिठावर चालते. ती पावाला करपू नकोस म्हणून समजावू शकते, आल्याच्या बिस्किटांच्या बाहुल्यांना नाचवू शकते, आणि तळघरातल्या तिच्या आंबवणाला बॉब असे नाव असून ते चांगलेच तापट आहे. एवढ्याशा विद्येवर तिला पुढे सारे शहर राखण्याची वेळ येते. सर्वांत मोलाचे म्हणजे, हे काम मोठ्या माणसांचे असताना ते एका मुलीवर का ढकलले गेले, हा मोनाचा राग लेखिकेने शेवटपर्यंत विझू दिलेला नाही. शौर्याची शाबासकी देऊन तिची बोळवण केलेली नाही. नॉर्टन, लोकस आणि लोडस्टार हे तिन्ही पुरस्कार या एकाच पुस्तकाला मिळाले. लेखक, मासिकाचे वाचक आणि संमेलनाचे सदस्य असे तिन्ही गट जेव्हा एका नावावर येतात, तेव्हा ते पुस्तक आपण डोळे मिटून मागवावे, असे माझे मत आहे. आमच्या सातवी-आठवीच्या मुली ते रांग लावून नेतात.

मुले ते खरोखर वाचतील का, याचा अंदाज घेण्यासाठी एक साधा उपाय आहे. बहुतेक ई-पुस्तक विक्रेते सुरुवातीची काही पाने विनामूल्य वाचायला देतात. अंतिम यादीतल्या सर्व पुस्तकांची ती पाने मुलीला वाचू द्यावीत आणि कोणते पुढे वाचायचे ते तिलाच ठरवू द्यावे. आपण फक्त यादी पुरवायची.

अनिरुद्ध, लेस्टर

शाल्मलीताईंनी विचारले आहे की पुरस्कार मोठ्यांच्या आवडीचे असतात का. येथे इंग्लंडमध्ये त्यावर एक चांगली योजना चालते, म्हणून लिहितो.

कार्नेगी पदक हा इथला बालकुमार साहित्याचा पुरस्कार केवळ फँटसीसाठी नाही, पण फँटसीचे मोठे लेखक त्यातून पुढे आले आहेत. फिलिप पुलमन यांच्या 'नॉर्दर्न लाइट्स'ला १९९५ चे कार्नेगी पदक मिळाले होते. ग्रंथपाल हे पदक ठरवतात, आणि त्याच वेळी देशभरातल्या शाळांमध्ये मुलांचे गट अंतिम यादीतली पुस्तके वाचून त्यांवर चर्चा करतात, परीक्षणे लिहितात आणि आपला स्वतंत्र कौल देतात. माझी मुलगी अशा एका गटात होती. ग्रंथपालांची निवड आणि मुलांची निवड अनेकदा वेगळी निघते. मुलांचा हा कौल तपासून पाहिला तर आपल्या प्रश्नाचे उत्तर दर वर्षी नव्याने मिळत राहील.

शाल्मली, नाशिक

सर्वांची मनापासून आभारी आहे. मालिकेचा पहिला भाग आणण्याची सूचना तर फारच उपयोगी आहे. आणखी एक विचारते. भाचीला इंग्लंड-अमेरिकेबाहेरचे, आपल्यासारख्या घरातल्या मुलांचे जग असलेले काही या याद्यांतून मिळेल का? आणि मराठीत असे काही आहे का?

ग्रंथयात्री, पुणे

या याद्यांचा गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा लाभ मला तोच वाटतो. वर उल्लेख केलेल्या ओकोराफोर यांच्या मालिकेचा पहिला भाग 'अकाटा विच' नायजेरियात घडतो. नायिका सनी बारा वर्षांची असून जन्माने अमेरिकी आहे, आणि तिच्या त्वचेत रंगद्रव्य नसल्याने शाळेत तिला चिडवले जाते. तिला ज्या जादूच्या समाजात प्रवेश मिळतो, तिथे माणूस काहीतरी नवे शिकला की आकाशातून धातूचे तुकडे त्याच्या पायाशी पडतात आणि तेच तिथले चलन असते. ज्ञान मिळवले की पैसा मिळतो, पैसा असला म्हणून मान मिळत नाही. कथेत मुलांना पळवणारा एक क्रूर खलनायक आहे, एवढे ध्यानात ठेवावे. तेराव्या वर्षी ते झेपायला हरकत नाही.

मोनिकिल ब्लॅकगूस यांच्या 'टू शेप अ ड्रॅगन्स ब्रेथ'चीही मी शिफारस करीन, पण दोन वर्षांनी. २०२३ चा नॉर्टन आणि २०२४ चा लोडस्टार तिला मिळाला आहे. बेटावर राहणाऱ्या एका मूलनिवासी मुलीला ड्रॅगनचे अंडे सापडते, आणि परकीय राज्यकर्त्यांचा नियम असा की ड्रॅगन पाळायचा असेल तर त्यांच्याच शाळेत शिकले पाहिजे. तिथे तिच्या बोलण्याला, पेहरावाला आणि आजीकडून आलेल्या ज्ञानाला कमी लेखले जाते. इंग्रजी राजवटीतल्या शाळांचा इतिहास वाचलेल्या आपल्या मुलांना यातले प्रसंग समजावून सांगावे लागणार नाहीत.

मुक्ता, शालेय ग्रंथपाल, ठाणे

मराठीविषयी लिहिते. आपल्याकडे केवळ फँटसीसाठी असा प्रस्थापित पुरस्कार नाही, त्यामुळे बालसाहित्याच्या सर्वसाधारण याद्यांतून ही पुस्तके वेचून काढावी लागतात. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते. २०२४ चा मराठीतला पुरस्कार भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या कादंबरीला मिळाला. कथांचा आणि कवितांचा सन्मान होतच असतो, पण कुमारांसाठीच्या रहस्यमय कादंबरीची अशी दखल घेतली गेली याचा मला विशेष आनंद झाला. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही बालवाङ्मयाचे स्वतंत्र विभाग आहेत. त्यांतला कादंबरीचा विभाग मागील काही वर्षांसाठी एकत्र पाहिला, तर साहस आणि अद्भुत या अंगाची पुस्तके हाती लागतात.

पुस्तके मिळवण्याबाबतही सांगते. परदेशी आवृत्त्या महाग पडतात, म्हणून आधी ई-आवृत्ती पाहावी, आणि मुलीला पुस्तक आवडले तरच छापील प्रत घ्यावी. नाशिकमधल्या सार्वजनिक वाचनालयात किंवा भाचीच्या शाळेत लेखी मागणी नोंदवूनही पाहावी. मागणीपत्रात पुस्तकाचे नाव, लेखक, मालिकेतला क्रमांक आणि मिळालेला पुरस्कार एवढे स्पष्ट लिहिलेले असले, की खरेदी समितीपुढे ते मांडणे ग्रंथपालाला फार सोपे जाते. मागणी मुलीनेच स्वतःच्या अक्षरात लिहिलेली असेल तर ती सहसा नाकारली जात नाही, निदान आमच्या शाळेत तरी आम्ही ती नाकारत नाही.