टेनिस एल्बो: लेझर चार सेकंदांत थांबतो, डोस बरोबर आहे का?

कोपरखळी

विभागात दुखण्यावर उपचाराचे दोन लेझर आहेत. पहिला ८१० नॅनोमीटरचा, सलग चालणारा, १०० मिलिवॅट. प्रोबच्या (त्वचेवर टेकवायच्या दांडीच्या) टोकाचा, किरण पडतो तो ठिपका ०.१ चौ. सेंमी. दुसरा ९०४ नॅनोमीटरचा, पल्स्ड, म्हणजे तुटक झोतांचा. त्याच्या पाटीवर पीक पॉवर (एका झोताची कमाल ताकद) २५ वॅट, पल्स २०० नॅनोसेकंद, फ्रिक्वेन्सी ५०० ते ५००० हर्ट्झ, ठिपका ०.५ चौ. सेंमी असं लिहिलंय.

टेनिस एल्बोसाठी (कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं) पहिल्या मशीनवर ४ जूल प्रति चौ. सेंमी लावलं की चार सेकंदांत बीप वाजतो. तीन पॉइंट घेतले तरी सगळं बारा सेकंदांत उरकतं. आठवड्यातून दोनदा असे तीन आठवडे झाले, पेशंटच्या पकडीत काही फरक नाही. डोस चुकतोय का? ९०४ वापरायचा तर फ्रिक्वेन्सी किती ठेवायची? आणि गॉगलची एकच जोडी आहे, ती दोन्ही मशीनना चालेल का?

जुना_जूल

घोळ त्या चार सेकंदांतच आहे. मशीन जूल प्रति चौ. सेंमी मोजतंय. वॉल्टच्या (वर्ल्ड असोसिएशन फॉर लेझर थेरपी) तक्त्यात टेनिस एल्बोपुढे जो ४ आहे, तो नुसता जूल आहे, दोन-तीन पॉइंट मिळून एकूण. आता हिशेब करा. ४ गुणिले ०.१ म्हणजे ०.४ जूल. १०० मिलिवॅट म्हणजे सेकंदाला ०.१ जूल, म्हणून चार सेकंद. तीन पॉइंटचे झाले १.२ जूल, म्हणजे हव्या त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. ठिपका जितका बारीक तितका हा घोटाळा मोठा. ०.०३ चौ. सेंमीचा प्रोब असता तर हेच सेटिंग सव्वा सेकंदात संपलं असतं.

म्हणून स्क्रीनवरचं जूल प्रति चौ. सेंमी बाजूला ठेवा आणि वेळ हाताने काढा: जूल भागिले वॅट बरोबर सेकंद. ४ जूल भागिले ०.१ वॅट म्हणजे एकूण ४० सेकंद, दोन पॉइंटवर वीस-वीस. नोंदवहीत तरंगलांबी, सरासरी पॉवर, ठिपका, प्रत्येक पॉइंटचे सेकंद आणि एकूण जूल अशी पाचही लिहा. नुसतं 'लेझर ४ जूल' लिहिलं तर पुढच्याला त्यातून काहीच कळत नाही.

पण ४० सेकंद लावून मोकळे होऊ नका, इथे दुसरी मेख आहे. त्याच तक्त्यात टेनिस एल्बो आणि अकिलीज टेंडन (टाचेमागचा, स्नायू हाडाला जोडणारा दोर) या दोन्हींपुढे १०० मिलिवॅट प्रति चौ. सेंमी ही कमाल मर्यादा आहे. तुमचा प्रोब १०० मिलिवॅट ०.१ चौ. सेंमीवर ओततोय, म्हणजे १००० मिलिवॅट प्रति चौ. सेंमी. मर्यादेच्या दहापट! टेंडन त्वचेखाली जेमतेम काही मिलिमीटरवर असतं, मधे स्नायूची गादी नसते, त्यामुळे तीव्र झोत जवळजवळ तसाच पोचतो. प्रकाशाचं गणित 'जास्त तेवढं चांगलं' असं नाही. ठरावीक पट्ट्यात परिणाम दिसतो, त्यावर गेलं की तो कमी होतो, कधी उलटाही होतो. पट्टा साधारण उणे-अधिक ५० टक्क्यांचा धरतात, म्हणजे इथे २ ते ६ जूल. हाच प्रोब खोलवरच्या, मोठ्या सांध्याला चालेल, कोपराच्या टेंडनला मी सुचवणार नाही. तुमच्याकडे ९०४ आहे, तोच घ्या.

उपचार किती दिवसांनी देता तेही पाहा. रोज दोन आठवडे, नाहीतर एक दिवसाआड तीन-चार आठवडे अशी शिफारस आहे. आठवड्यातून दोनदा त्यात बसत नाही.

पल्सपुराण

९०४ बद्दल. पाटीवरचे २५ वॅट वाचून दबकू नका आणि हुरळूनही जाऊ नका. कामाची ती सरासरी पॉवर: पीक गुणिले पल्सची लांबी गुणिले फ्रिक्वेन्सी. २५ वॅट गुणिले २०० नॅनोसेकंद म्हणजे एका पल्समध्ये ५ मायक्रोजूल. ५००० हर्ट्झला २५ मिलिवॅट, १००० ला ५, ५०० ला फक्त अडीच. या जातीच्या बऱ्याच मशीनमध्ये पल्सची लांबी ठरलेली असते, त्यामुळे फ्रिक्वेन्सी खाली आणली की पॉवरही त्याच प्रमाणात पडते. 'दुखण्याला कमी हर्ट्झ, सुजेला जास्त' असल्या मेनूच्या नादी लागून कोणी ५०० वर ठेवतो आणि वेळ तोच धरतो. डोस तिथे दहावा हिस्सा होतो.

९०४ साठी तक्ता वेगळा आहे, आकडे कमी. टेनिस एल्बोला एकूण २ जूल, दोन-तीन पॉइंट. सरासरी पॉवर ५ मिलिवॅटच्या वर हवी. तुम्ही ५००० हर्ट्झ लावा: २ भागिले ०.०२५ म्हणजे ८० सेकंद, दोन पॉइंटना चाळीस-चाळीस. २५ मिलिवॅट ०.५ चौ. सेंमीवर म्हणजे ५० मिलिवॅट प्रति चौ. सेंमी, मर्यादेच्या आत. ५०० हर्ट्झला हेच करायला ८०० सेकंद लागतील.

टेनिस एल्बोच्या चाचण्यांचा २००८ मध्ये एकत्रित आढावा आला होता. त्यात ९०४ थेट टेंडनच्या मुळाशी दिलेल्या चाचण्यांत फायदा दिसला, ८२० आणि १०६४ च्या चाचण्यांत दिसला नाही. तेव्हा निवड आपोआप होते.

प्रोब धरण्याचं तंत्र: कोपर काटकोनात, हात टेबलावर टेकवलेला, तळवा खाली. मनगट वर उचलायला सांगून विरोध करा आणि बाहेरच्या हाडाच्या उंचवट्याच्या किंचित पुढे-खाली दुखरी जागा बोटाने शोधा. खूण पेनने करायची तर जागेच्या भोवती गोल काढा, वर ठिपका नको. काळी शाई प्रकाश स्वतःच पिते आणि तिथे चटका बसू शकतो. बाम, तेल, जेल पुसून टाका. प्रोब त्वचेला काटकोनात टेकवून हलका दाब द्या. परावर्तन कमी होतं, रक्त बाजूला सरतं आणि टेंडनपर्यंतचं अंतरही घटतं. तिरका धरला किंवा अर्धा सेंटिमीटर वर उचलला तर हिशेब गेला. पेशंट विचारेल 'चालू आहे ना?' कारण या पॉवरला काहीच जाणवत नाही. जाणवू नयेच.

कोपरखळी

आभार. ९०४ वर ८० सेकंद, एक दिवसाआड सुरू करतो. गॉगलचं राहिलं. शिवाय विभागात क्लास ४ चं (जास्त ताकदीच्या वर्गातलं) १० वॅटचं मशीन घ्यायची चर्चा आहे. टेनिस एल्बोला ते जास्त लवकर काम करेल असं विक्रेता म्हणतो.

चष्मेवाला

गॉगलच्या काचेवर किंवा दांडीवर तरंगलांबीचा पट्टा आणि ओडी (काच किरण किती अडवते त्याचा आकडा) छापलेलं असतं. ८०० ते ९१० सारखा पट्टा असेल तर दोन्ही मशीनना चालेल. नुसतं ८१० असेल तर ९०४ ला अजिबात वापरू नका. ओडी ५ म्हणजे एक लाखावा भागच आत येतो. छाप पुसट झाला असेल किंवा काचेला तडा असेल तर जोडी बाद. काळा चष्मा हा पर्याय नाही. एकच जोडी असणं हा मुळात दोष आहे. पेशंटला एक, तुम्हाला एक, आणि खोलीत नातेवाईक असेल तर त्यालाही, नाहीतर तो बाहेर.

हे दोन्ही किरण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून पापणी मिटत नाही आणि पडद्याला इजा होऊन जाते. प्रोबमधून दिसणारा लाल ठिपका फक्त नेम धरायला आहे. तो दिसतो म्हणजे उपचाराचा किरण चालू आहे असं नाही, आणि दिसत नाही म्हणजे बंद आहे असंही नाही. पेशंटचं कडं, घड्याळ, अंगठी काढा. स्टीलचा ट्रे आणि आरसा झाका. काम झालं की किल्ली मशीनमध्ये ठेवू नका.

क्लास ३बी अर्ध्या वॅटपर्यंत, त्यावर क्लास ४. १० वॅटचा झोत एका जागी धरला तर भाजतो, म्हणून हात सतत फिरता लागतो. मोठा भाग, म्हणजे पाठ, मांडी, नितंब असेल तर वेळ वाचतो हे खरं. पण जुना_जूल यांनी दिलेली टेंडनची मर्यादा बघा. १० वॅट १०० मिलिवॅट प्रति चौ. सेंमीला आणायचे तर १०० चौ. सेंमीवर पसरवावे लागतील. कोपरावर तेवढी जागा कुठे आहे? शिवाय गडद त्वचा, गोंदण, दाट केस इथे उष्णता पटकन साठते, आणि जिथे संवेदना कमी तिथे पेशंट 'चटका बसतोय' म्हणणारच नाही. आधी गरम-थंडची संवेदना तपासल्याशिवाय क्लास ४ लावू नये.

डोळ्यावर, गाठीच्या किंवा कॅन्सरच्या जागी, गरोदर स्त्रीच्या पोटावर, थायरॉइडवर, रक्तस्राव चालू असलेल्या जागी लेझर नाही. प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधं चालू आहेत का हे विचारा. कोपरात नुकतंच स्टेरॉइड इंजेक्शन घेतलंय का तेही विचारा. अशा पेशंटना बऱ्याच चाचण्यांत वगळलेलं असतं, तेव्हा तिथले निकाल त्यांना जसेच्या तसे लावू नका.

पल्सपुराण

एक राहिलं. ८० सेकंद धरण्याआधी प्रोबमधून खरंच २५ मिलिवॅट येतात का ते पॉवर मीटरने मोजून घ्या. सरासरी पॉवर दाखवणारा सेन्सर हवा आणि तो ९०४ ला कॅलिब्रेट केलेला हवा. किरण देणारा डायोड म्हातारा होतो, काचेवर तेलाचा थर बसतो. प्लग काढून आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने काच पुसा, मग परत मोजा. १८ मिलिवॅट आले तर वेळ १११ सेकंद. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ८१० चा जांभळट ठिपका कधी दिसतो, ९०४ चा फारच फिका किंवा दिसतच नाही. प्रोब पांढऱ्या कागदाकडे धरूनच बघा. त्यावरून फक्त 'चालू आहे' एवढंच कळतं, किती ते नाही.

जुना_जूल

आणि लेझरवरच सगळा भार टाकू नका. मनगट उचलण्याच्या स्नायूंना हळूहळू वाढवत वजन देणं हा मुख्य उपचार, प्रकाश त्याच्या जोडीला. पहिल्या दिवशी डायनॅमोमीटरवर (पकड मोजण्याच्या यंत्रावर) वेदना सुरू होईपर्यंतची पकड तीनदा मोजून सरासरी लिहा, कोपर दर वेळी त्याच कोनात ठेवा, आणि दर आठवड्याला परत मोजा. सूज-वेदना आटोक्यात आली की जूल साधारण ३० टक्क्यांनी उतरवा. बरोबर डोसचे दोन-तीन आठवडे पूर्ण होऊनही पकड हललीच नाही तर लेझर बंद करून निदान पुन्हा तपासा. मानेतून येणारं दुखणं आणि रेडियल नर्व्ह (हातातली एक नस) दबणं यांमुळेही कोपराच्या याच भागात दुखतं.