अभंगाच्या मिडीचं नोटेशन काढताना चिंध्या होतायत, मदत हवी आहे

खर्ज:
एका अभंगाची चाल कीबोर्डवर वाजवून रीपरमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) मिडी घेतली आहे, म्हणजे आवाज नाही, कुठला सूर कधी दाबला याची नोंद. भजनी ठेका, ४/४, टेम्पो ८४, क्लिक चालू. म्युझस्कोअरमध्ये (पाश्चात्त्य स्वरलिपी छापायचं सॉफ्टवेअर) उघडली की मात्रेमात्रेला टाय (सूर जोडणाऱ्या कमानी) आणि बारीक बारीक रेस्ट (विराम). १/१६ ला क्वांटाइझ केल्यावर (सूर जवळच्या ग्रिडरेषेवर, इथे पाव मात्रेच्या, ओढल्यावर) रेस्ट घटले, पण ठेक्याचा डौल गेला आणि मधेच दोन सुरांचे कॉर्ड उगवले, जे वाजवलेलेच नाहीत. काय आधी, काय नंतर?

तिहाई:
आधी ट्रॅक डुप्लिकेट करा. ऐकायची मिडी वेगळी, छापायची वेगळी, कापाकापी दुसरीवरच.

ते कॉर्ड म्हणजे तुमचे कणस्वर, मुख्य सुराला ओझरते लागणारे. रीपरमध्ये क्वार्टरचे, म्हणजे एका मात्रेचे, ९६० टिक्स (वेळेचे बारीक भाग) असतात (डिफॉल्ट). ८४ टेम्पोला ७० टिक्स म्हणजे साधारण ५२ मिलिसेकंद. कण एवढाच असतो, मग तो आणि त्याचा मुख्य सूर दोन्ही एकाच ग्रिडरेषेवर जाऊन आदळतात. ७०-८० टिक्सच्या आतले सूर क्वांटाइझच्या आधीच काढा आणि म्युझस्कोअरमध्ये ग्रेस नोट (मुख्य सुराआधीचा छोटा सूर) म्हणून हाताने घाला.

आता डौल. भजनीत मात्रेचा दुसरा भाग बरोबर मध्यावर, ४८० टिक्सवर नाही, ६४० च्या आसपास पडतो. १/१६ चं ग्रिड २४० चं, त्यामुळे तो ७२० वर ओढला जातो आणि कागदावर डॉटेड एट्थ-सिक्स्टीन्थची (पाऊण आणि पाव मात्रेची) ताठ जोडी येते. रीपरच्या मिडी एडिटरमध्ये क्यू दाबून क्वांटाइझला सरळ १/८ (अर्धी मात्रा) घ्या, स्ट्रेंग्थ १००. सगळे एट्थ सरळ दिसतील. वर म्युझस्कोअरचा स्विंग टेक्स्ट लावा, म्हणजे वाजताना जोडीतला पहिला सूर लांब, दुसरा आखूड होतो. तो ६० टक्क्यांवर असतो, दोनास एक हवं तर ६७ करा.

ताना खऱ्या ट्रिपलेटमध्ये (मात्रेत तीन समान सूर) असतील तर ते बार यातून वगळा! ३२० आणि ६४० दोन्ही ४८० वर बसतात आणि पुन्हा खोटा कॉर्ड तयार. तिथे १/८ ट्रिपलेट ग्रिड.

सुरांची शेपटं सगळ्यात शेवटी: नोट एंड पुढच्या सुराच्या सुरुवातीला लावणारी लेगाटो अ‍ॅक्शन. उरलेले रेस्ट आणि टाय बहुतेक यानेच जातात. श्वासाच्या जागा मात्र नंतर हाताने तोडा, नाहीतर ध्रुपदाचा (पालुपदाचा) शेवटचा सूर अंतऱ्यापर्यंत ताणला जाईल.

लेहरा:
डावा हात त्याच ट्रॅकवर असेल तर लेगाटोच्या आधी वेगळ्या ट्रॅकवर टाका. नाहीतर उजव्या हाताचा सूर डाव्याच्या पुढच्या सुराशी तुटतो.

खर्ज:
कण काढले, कॉर्ड गेले. रेस्टही जवळपास संपले. आता सा काळी १ (पाश्चात्त्य सी शार्प) आहे, तर जिकडेतिकडे शार्पच्या खुणा चिकटलेत.

तिहाई:
मिडीत सुराचा फक्त नंबर असतो. ६१ म्हणजे सी शार्प की डी फ्लॅट, हे फाइलीला माहीत नसतं. चाल शुद्ध स्वरांची असेल तर डी फ्लॅटची, पाच फ्लॅटची की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटची खूण) घाला (सी शार्प मेजरला सात शार्प, वाचणारा वैतागेल). मग सगळं निवडून म्युझस्कोअरच्या टूल्समधलं रीस्पेल पिचेस, ते सुरांची नावं नव्याने लिहितं. एखादा सूर राहिलाच तर तो निवडून जे दाबा. भैरवीतली चाल असेल तर उलट करा: सी शार्पच ठेवा, तीन शार्पची सिग्नेचर पुरते.