बी-३०४ मध्ये क्रेस्टेड गेको आणायचाय, कुणाला अनुभव आहे का?

बी-३०४: नमस्कार सगळ्यांना. जरा वेगळा विषय आहे, ग्रुपवर विचारलं तर चालेल ना? आमच्या लेकीला (१२ वर्षांची आहे) क्रेस्टेड गेको पाळायचाय. चार महिने झाले दुसरा विषय नाही, व्हिडिओ बघून बघून अख्खी वही भरलीये. मला आणि ह्यांना यातलं काही म्हणजे काही कळत नाही. कुणी पाळलाय का कधी?

ए-४०३: गेको म्हणजे पालच ना गं? मला पालींची खरंच भीती वाटते म्हणून विचारतेय, राग मानू नकोस

सी-६०२: मी पाळलाय. सहा वर्षं झाली, सध्या घरात एक आहे. ए-४०३ काकू, हो, आहे पालीच्याच कुळातला पण भिंतीवर सुर्रकन पळणारी आपली पाल डोळ्यासमोर आणू नका, हा फार निवांत असतो. शेपूट धरून साधारण २० सेंटीमीटर, वजन ३५ ते ५० ग्रॅम. डोळ्यांच्या वर पापण्यांच्या केसांसारखी काट्यांची झालर असते आणि ती डोक्यावरून पाठीकडे जाते म्हणून क्रेस्टेड. खऱ्या पापण्या मात्र त्याला नसतातच, डोळे जिभेने चाटून साफ करतो. दिवसभर पानांत झोपून राहतो, संध्याकाळी लाइट बंद केले की जागा होतो. आणि तो बंद पेटीत असतो हो, जिन्यात लिफ्टमध्ये कुठे दिसणार नाही.

ए-४०३: बरं बरं. पेटीतच असतो ना, मग ठीक आहे

बी-३०४: ताई तुम्हीच भेटलात बरं झालं!! शनिवारी आणायचा विचार आहे. पेटी, झाडं, गेको सगळं एकाच दिवशी आणलं तर चालेल का?

सी-६०२: नको ना. हेच सांगणार होते. आधी पेटी आणा, पूर्ण लावा आणि रिकामीच दोन आठवडे चालवून बघा. थर्मामीटर आणि ह्युमिडिटी मीटर आत ठेवा, डिजिटलच घ्या ते काट्यांचे गोल मीटर काहीही दाखवतात, आणि रोज सकाळी, दुपारी, रात्री आकडा लिहून ठेवायला लेकीला सांगा. या प्राण्याला गरमी सोसत नाही. २२ ते २६ अंश एकदम छान, रात्री २० पर्यंत उतरलं तरी हरकत नाही, पण २८ च्या वर बराच वेळ राहिलं की त्याला त्रास व्हायला लागतो आणि ३० च्या पुढे जिवावर बेतू शकतं. सापसरडे म्हणजे ऊन आणि हीटर असं लोकांच्या डोक्यात असतं, याचं उलटं आहे. खोलीत दुपारी किती होतंय हे आकड्यात कळल्याशिवाय प्राणी आणूच नका, कारण आणल्यावर कळलं तर तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो.

ए-१०१ काका: उपयुक्त माहिती. लाइट गेली तर काय करता?

सी-६०२: काका, पेटी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवलीये, खिडकीचं ऊन येत नाही तिथे. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठवलेल्या असतात. तापमान चढायला लागलं की एक बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या जाळीच्या झाकणावर ठेवते, थंड हवा खाली उतरते. पण ते तात्पुरतं. खोलीच जर रोज तापत असेल तर मी म्हणेन आणू नका, दुसरा प्राणी बघा.

बी-३०४: बाप रे, हे माहीतच नव्हतं. लेकीने वहीत २२-२६ लिहिलंय खरं, मीच लक्ष दिलं नाही 🙏 पेटी केवढी लागते?

सी-६०२: मोठ्या गेकोला कमीत कमी ४५ × ४५ आणि उंची ६० सेंटीमीटर. उंची महत्त्वाची, हा झाडावरचा प्राणी आहे, जमिनीवर फारसा येत नाही. पिल्लू असेल तर आधी लहान पेटी, एवढ्या मोठ्या जागेत त्याला खाणं सापडत नाही आणि ते खातंय की नाही हे आपल्यालाही कळत नाही. आत तिरक्या आडव्या फांद्या, कॉर्कच्या सालीचे तुकडे आणि भरपूर पानं, मनी प्लांट चालतो, प्लास्टिकची पानं पण चालतात. लपायला जागा नसेल तर नुसत्या काचेवर चिकटून बसतो, आणि रोज उलटं टांगून झोपला की शेपटीच्या वजनाने कंबरेचं हाड वाकायची भीती असते असं पाळणारे लोक सांगतात. तळाला पहिले एक-दोन महिने नुसता टिश्यू पेपर घाला, माती-बिती नंतर. पेपरवर शी कशी होतेय, नीट होतेय का हे दिसतं, आणि नवीन प्राण्याचं तेच सगळ्यात आधी बघायचं असतं.

सी-२०५: दमटपणासाठी काय करता? आमच्या टेरेरियममधल्या (काचेच्या पेटीतल्या) झाडांना दोनदा बुरशी लागली

सी-६०२: संध्याकाळी स्प्रेने भरपूर फवारा, ८० टक्क्यांपर्यंत जाऊ दे, आणि मग दिवसभरात ५०-६० पर्यंत उतरू दे. उतरणं पण तितकंच गरजेचं, कायम ओलं राहिलं की बुरशी येते आणि गेकोच्या छातीलाही त्रास. तुमच्या पेटीला समोर खाली आणि वर जाळी आहे का? हवा खेळायला हवी. तो पानांवरचे थेंब चाटून पाणी पितो तरी एक छोटी पाण्याची वाटी ठेवतेच मी.

बी-३०४: आणि खाणं? हे वाचलं तेव्हा मला सोपं वाटलं, फळांचा गर देऊ शकतो ना

सी-६०२: इथे जरा मोठं लिहिते कारण माझी चूक इथेच झाली होती. माझा पहिला गेको ज्यांच्याकडून घेतला त्यांनी सांगितलं केळ्याचा गर द्या, लहान बाळाचं फळांचं खाणं द्या, बास. मी पाच महिने तेच दिलं, तो आवडीने खायचा त्यामुळे शंकाच आली नाही. मग एक दिवस काचेवर चढताना त्याचे पाय थरथरायला लागले, शेपटीला लाटेसारखा वाक दिसला आणि खालचा जबडा दाबला तर मऊ लागला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडांमधलं कॅल्शियम गेलं होतं. केळ्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतं, मग शरीर हाडांमधून कॅल्शियम ओढून घेतं. औषधं करून तो जगला, अजून चार वर्षं होता, पण जबडा शेवटपर्यंत वाकडाच राहिला आणि मला त्याच्याकडे बघून अजूनही वाईट वाटतं. म्हणून सांगते, फळ कधीतरी चाखण्यापुरतं. रोजचं खाणं म्हणजे खास क्रेस्टेड गेकोसाठी मिळणारी तयार पावडर, त्यात फळ, प्रथिनं, कॅल्शियम, जीवनसत्त्वं सगळं मोजून घातलेलं असतं. पाण्यात कालवायची, चमच्यावरून हळूहळू घसरेल इतपत दाट. मोठ्याला एक दिवसाआड, पिल्लाला रोज. वाटी वर फांद्यांच्या उंचीला लावायची, तळाशी नाही. आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं फेकायचंच.

ए-४०३: म्हणजे किडे द्यायला लागत नाहीत? मला त्याचंच टेन्शन आलं होतं

सी-६०२: नाही दिले तरी चांगल्या पावडरवर तो नीट जगतो काकू. मी आठवड्यातून एकदा देते कारण शिकार करताना त्याचा व्यायाम होतो आणि पिल्लं किड्यांवर पटकन वाढतात. पाळलेले रातकिडे किंवा झुरळांची एक जात मिळते ती. बाहेरून पकडलेले अजिबात नाही, औषध मारलेले असू शकतात. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, आणि कॅल्शियमची पावडर लावूनच. न खाल्लेले रात्री काढून घ्यायचे, दिवसा झोपलेल्या गेकोला रातकिडे चावतात.

बी-३०४: डी थ्री का काहीतरी लेकीने लिहिलंय, त्याला दिवा लागतो का?

सी-६०२: पावडरमध्ये डी ३ जीवनसत्त्व असतं त्यामुळे दिव्याशिवायही लोक वर्षानुवर्षं पाळतायत. पण कमी ताकदीची यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब दिवसा लावली तर चांगलंच, मी लावते, १२ तास चालू १२ तास बंद, खाली दाट सावली मात्र हवी म्हणजे त्याला नको असेल तर तो बाजूला जाईल. गरम करणारा बल्ब नको.

सी-२०५: हातात घेता येतो का? मुलांना तेच हवं असतं

सी-६०२: येतो पण कुत्र्यामांजरासारखं गोंजारून घेणारा प्राणी नाही तो, सहन करतो म्हणू. आणल्यावर दोन आठवडे हात लावायचाच नाही, फक्त फवारणी आणि खाणं. मग रोज पाच मिनिटं, जमिनीवर बसून, एका हातावरून दुसऱ्या हातावर चालू द्यायचं. उडी कधी मारेल सांगता येत नाही म्हणून जमिनीवर. आणि शेपूट कधीही, कधीही धरायची नाही. घाबरला की शेपूट टाकतो आणि पालीसारखी त्याची परत येत नाही. रानातले कितीतरी मोठे गेको बिनशेपटीचेच असतात आणि मजेत जगतात, त्यामुळे पडली तर लेकीने रडत बसायचं नाही, जखम स्वच्छ राहील एवढं बघायचं, तळाला टिश्यू पेपर ठेवायचा.

ए-१०१ काका: रोगराईचं काय? लहान मुलं आहेत विंगमध्ये.

सी-६०२: रास्त प्रश्न काका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शीमध्ये साल्मोनेला (पोट बिघडवणारा जिवाणू) असू शकतो, प्राणी दिसायला ठणठणीत असला तरी. हात लावला की साबणाने हात धुवायचे, त्याच्या वाट्या स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायच्या नाहीत, आणि ५ वर्षांखालच्या मुलांनी हाताळू नये. आमच्याकडे एवढे नियम सहा वर्षं पाळलेत.

बी-३०४: लेक आता शेजारी बसून वाचतेय, ती विचारतेय दोन आणले तर त्याला सोबत होईल का

सी-६०२: बाळा, एकच आण. त्याला सोबत लागत नाही. दोन नर भांडून एकमेकांना जखमी करतात. नर-मादी ठेवले तर मादी महिन्या-दीड महिन्याने दोन-दोन अंडी घालत राहते, तिच्या अंगातलं कॅल्शियम संपतं आणि पिल्लांचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच. आणि अगदी छोटं पिल्लू नर की मादी हे नक्की सांगता येत नाही, त्यामुळे "दोन माद्या आहेत" या बोलण्यावर विश्वास ठेवू नकोस.

बी-३०४: ती म्हणतेय हा प्राणी नामशेष झाला होता म्हणे, खरं का?

सी-६०२: झाला होता असं समजत होते 🙂 छान वाचलंयस. हा फक्त न्यू कॅलेडोनियाचा, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात आहे ते. १८६६ मध्ये अल्फोन्स गिशेनो या फ्रेंच अभ्यासकाने त्याचं वर्णन केलं, मग इतकी वर्षं कुणाला दिसलाच नाही की संपला असंच धरलं होतं, आणि १९९४ मध्ये रॉबर्ट झाइप यांच्या मोहिमेत तो परत सापडला. आता जगभर घराघरात आहे पण रानात अजून धोक्यात आहे, बाहेरून आलेल्या छोट्या आगमुंग्या, उंदीर, मांजरं यांच्यामुळे. तिथून तो बाहेर न्यायला बंदी आहे, म्हणून पाळीव म्हणून जन्मलेलाच घ्यायचा. कधी जन्मला, काय खातो हे लिहून देणाऱ्याकडूनच घ्या आणि परदेशी प्राणी पाळायचे नियम, नोंदणी हे आधी पूर्ण करा. घेताना तो तुमच्यासमोर खातोय का, बोटांना जुनी कात अडकलीये का, कंबर आणि शेपटीचा बुंधा भरलेला आहे का हे बघा.

सी-२०५: कात अडकली तर?

सी-६०२: बोटांभोवती अडकते आणि आवळून बोट जाऊ शकतं. हवेची भोकं असलेल्या डब्यात कोमट ओला टिश्यू घालून १५-२० मिनिटं ठेवायचं, मग ओल्या कापसाच्या काडीने अलगद. ओढायचं नाही. दमटपणा बरोबर असेल तर ही वेळ क्वचितच येते, सहसा तो आपली कात आपणच खाऊन टाकतो.

बी-३०४: ताई अजून एक, किती वर्षं जगतो?

सी-६०२: नीट सांभाळला तर १५ ते २०. लेक आता १२ ची, म्हणजे ती शिकायला बाहेर जाईल तेव्हा तो तुमच्याकडेच असेल. हे तुम्ही आणि दादांनी आत्ताच बोलून घ्या, सांभाळायची तयारी तुमची आहे का. गावाला गेलात तर दोन-तीन दिवस मी बघीन, किल्ली द्या.

बी-३०४: बोललो आत्ताच. हे म्हणाले मला चालेल, संध्याकाळची फवारणी मी करीन. शनिवारी फक्त पेटी आणतोय, गेको नंतर. लेक विचारतेय मीटर वर लावायचा की खाली?

सी-६०२: दोन घ्या. एक वर फांदीजवळ, एक खाली. वर नेहमी जास्त गरम असतं आणि तो वरच झोपणार. पहिल्या आठवड्याचे आकडे मला दाखव गं, वही घेऊनच ये वरती.