आमचा सीझन संपतो तेव्हा कुठला डोंगर उघडा असतो?

मोरजीकर:
मोरजीला आमचं सहा खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे. ऑक्टोबर ते मे पाय बाहेर काढता येत नाही, नाताळात तर जेवायचीही सवड नसते. वय ४६. एकदा तरी पाच हजार मीटरच्या वर जाऊन यायचंय आणि डोक्यात एव्हरेस्ट बेस कॅम्प बसलाय. पण ज्याला विचारावं तो म्हणतो ऑक्टोबर-नोव्हेंबर, नाहीतर मार्च ते मे. म्हणजे नेमका आमच्या धंद्याचा काळ. मी मोकळा जून ते सप्टेंबर. जुलैत गेलो तर काय बिघडेल? पावसाला आम्ही गोंयकार थोडेच भितो.

डिचोलीचा भटक्या:
पावसाला नका भिऊ, ढगाला भ्या. मी मेच्या शेवटी गेलो होतो, मॉन्सून पोचलाही नव्हता, तरी परतताना लुक्लाला, म्हणजे या ट्रेकच्या विमानतळावर, तीन दिवस अडकलो. धावपट्टी ५२७ मीटरची, एका टोकाला दरी, दुसऱ्याला डोंगर. वैमानिकाला डोळ्यांनी दिसलं तरच विमान येतं. जुलैत हे रोजचंच. शिवाय बेस कॅम्पवरून शिखर दिसत नाही, त्यासाठी जवळचा काला पत्थर नावाचा डोंगर चढायचा, आणि तिथे समोर ढग असले तर काय बघणार? खालच्या जंगलातल्या जळवा तुम्हाला आपल्या सत्तरी तालुक्यात फुकट मिळतील.
ऑक्टोबरचीही हमी नाहीच म्हणा. २०१४ च्या ऑक्टोबरात हुदहुद वादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांनी त्याच वादळाने अन्नपूर्णा भागात इतका बर्फ टाकला की चाळीसहून जास्त माणसं गेली.

वाळपईची टीचर:
मोरजीकर बाब, तुम्ही डोंगर आधी ठरवलात आणि आता महिना शोधताय. महिना बदलता येत नसेल तर डोंगर बदला. लडाखला जा.
मॉन्सूनचे ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावर रिकामे होतात, पलीकडे जाईपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पडतो. आमच्या वाळपईत जुलैत तेवढा कधी कधी एका दिवसात पडतो. मात्र कधीच पडत नाही असं समजू नका. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी झाली आणि शेकडो माणसं दगावली. ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकायचा नाही, हे तिकडचे लोक सांगतील ते ऐकायचं.
मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथला मारखा व्हॅलीचा ट्रेक केला, तेव्हा ५४ वर्षांची होते. रात्री गावातल्या घरांतच राहायचं. वाटेत जुन्या लष्करी पॅराशूटच्या कापडाचे तंबू लागतात, तिथे चहा मिळतो. शेवटचा मुक्काम निमालिंग, ४,७०० मीटरच्या वर. दुसऱ्या दिवशी कोंगमारू ला ही खिंड, ५,२०० च्या वर. तुमचे पाच हजार झाले.
तिथे खरी भीती नदीची. उन्हं वर आली की वरचं बर्फ वितळतं आणि दुपारी पाणी चढतं. सकाळी जिथे पोटऱ्या भिजतात तिथे तीन वाजता मांडीपर्यंत. आमच्यातला एकजण फोटो काढत मागे राहिला, अलीकडच्या काठावर बसून राहिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आला. म्हणून पहाटेच निघायचं. पाणी इतकं गार की पलीकडे गेल्यावर माझ्या पायाला दगड लागून रक्त येत होतं आणि मला पत्ताच नव्हता.
माझी चूकही सांगते. लेह ३,५०० मीटरवर आणि आपण समुद्रावरून विमानाने थेट तिथे. पहिल्याच दिवशी उत्साहात शांती स्तूपाच्या पायऱ्या चढले, मग रात्रभर ओकत होते. तुम्ही निदान दोन दिवस नुसते पडून राहा, पाणी प्या. पुढे वर जाताना झोपायची जागा दररोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नका. उंची बाधू नये म्हणून डायमॉक्सची गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

फोंड्याची चालती:
खिशाला झेपत असेल तर किलिमांजारो. ५,८९५ मीटर. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिकडे उन्हाळा-हिवाळा फारसा नसतो, पाऊस कधी तेवढं बघायचं. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत मोठा, नोव्हेंबरात छोटा. जून ते ऑक्टोबर कोरडं, म्हणजे तुमच्या सुट्टीत बरोब्बर बसतं. पाच दिवसांचं स्वस्त पॅकेज घेऊ नका, सात-आठ दिवसांचा मार्ग घ्या. बरेचजण शरीराला वेळ न दिल्यामुळेच अर्ध्यातून परततात.

मोरजीकर:
किलिमांजारोचा खर्च बायकोला सांगायची छाती नाही. मारखा पटलं. जुलै की चवथीनंतर? सप्टेंबरात रंगकाम आणि कौलं शाकारायची असतात, म्हणून विचारतो.

वाळपईची टीचर:
चवथीनंतर. गार पडायला लागलं की बर्फ कमी वितळतं, नदी उतरते, आकाशही स्वच्छ. निमालिंगला रात्री पाणी गोठेल, तेव्हा चांगली स्लीपिंग बॅग घ्या. पण सप्टेंबर संपायच्या आत खाली या. तोवर पावसात आमच्याकडचा वाघेरी डोंगर चढत राहा, पाठीवर आठ किलो घेऊन.

मोरजीकर:
बायको म्हणते, रंगारी मी बघते, तू जा. कौलांचं मात्र मलाच आधी उरकून जावं लागेल. एक शेवटचं: नदीसाठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले गमबूट चालतील?

वाळपईची टीचर:
अजिबात नकोत. वरून पाणी आत शिरलं की बादली बांधून चालल्यासारखं होतं. पट्ट्याचे सँडल, आत जाड लोकरीचे मोजे. आणि काठी दोन घ्या, एक नव्हे.