मदत हवी आहे: बाबांच्या पंचाहत्तरीला ‘चश्मे बद्दूर’

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, रामबागेत राहते. पुढच्या महिन्यात बाबांची पंचाहत्तरी आहे. लग्नाआधी ते दोन मित्रांसोबत राजवाड्यामागे एका खोलीत राहायचे. तिघांत एकच धड शर्ट, ज्याचं काम असेल त्याने घालायचा! ते दोघे काकाही येणार आहेत, म्हणून सई परांजप्यांचा १९८१ चा ‘चश्मे बद्दूर’ हा सिनेमा सगळ्यांना दाखवायचा आहे.

अडचण भाचरांची. “यात घडतं काय?” म्हणतात. खरंच, दिल्लीतली एक खोली, तीन सडेफटिंग, पानवाल्या लल्लन मियाँकडची उधारी, एवढंच तर भांडवल. पण रवी बासवानी आणि राकेश बेदी एका मुलीच्या मागे लागून फजिती होऊन परततात आणि फारुख शेखला प्रेमाच्या रंगवलेल्या थापा सांगतात, तिथे मला हसताहसता भरून येतं. हरल्याचं मित्राला सांगवत नाही हो! बाबाही तिथेच डोळे पुसतात.

हे पोरांना सिनेमाआधी दोन मिनिटांत कसं सांगू? तुमच्या घरी पोरांना असं सांगताना काय उपयोगी पडलं ते लिहा. आणि रामबाग किंवा सुदामानगरजवळ चाळीसेक माणसांचा, प्रोजेक्टर असलेला हॉल कुणाला माहीत आहे का? जिने नकोत, एका काकांचे गुडघे दुखतात.