मदत हवी आहे: थंडीत सायकलचा दिवा अर्ध्या वाटेत बंद पडतो

नमस्कार मंडळी,
म्युनिकमध्ये राहतो, ऑफिसला बाराही महिने सायकलनेच जातो. डिसेंबरात इथे पाचच्या आत अंधार पडतो आणि परतताना इझार नदीकाठचा झाडीतला रस्ता मिट्ट काळोखाचा असतो.

पुढचा दिवा यूएसबीवर चार्ज होणारा, आत १८६५० या मापाचा एकच लिथियम-आयन सेल. ऑक्टोबरपर्यंत मधल्या उजेडावर साडेतीन तास आरामात चालायचा. गेल्या आठवड्यात उणे ८ होतं, तेव्हा पाऊण तासात फटकन बंद. समोरून एक आजी कुत्र्याला घेऊन येत होत्या. ब्रेक वेळेवर लागला, पण तेव्हापासून मनात धडकी बसलीय.

नवल म्हणजे घरात अर्धा तास ठेवला की तोच दिवा निम्मी बॅटरी दाखवतो! लुकलुकता ठेवून चार्ज वाचवावा, तर जर्मनीत पुढचा दिवा तसा लावायला परवानगी नाही.

सेल गेलाय की हा थंडीचाच परिणाम? सायकल दिवसभर ऑफिसबाहेर असते, दिवा तिच्यावरच. घरी आल्या आल्या चार्जिंगला लावतो, ते बरोबर आहे का?

प्रतिसाद १:
घरात पुन्हा जीव धरतो म्हणजे सेल बहुधा शाबूत आहे. गारठ्यात आतलं द्रावण घट्ट होतं, लिथियमचे आयन सावकाश सरकतात, अंतर्गत रोध वाढतो. चार्ज शिल्लक असूनही व्होल्टेज खाली बसतं आणि दिव्यातलं सर्किट बॅटरी संपली समजून वीज तोडतं. उजेड कमी ठेवलात तर हे उशिरा होईल. दिवा दिवसभर ऑफिसात टेबलावर ठेवा आणि निघताना लावा.
चार्जिंगचं मात्र आजच थांबवा. शून्याखालचा सेल चार्ज केला की आत लिथियम धातूचा थर साचतो, ते नुकसान भरून येत नाही. तासभर घरात राहू द्या, मग लावा.

प्रतिसाद २:
मागच्या दिव्यात साधे अल्कलाइन सेल असतील तर तेही बदला. एकदाच वापरायचे लिथियमचे डबल-ए, ट्रिपल-ए मिळतात, ते उणे ४० पर्यंत काम देतात. महाग आहेत, पण मागच्या दिव्यावर काटकसर करू नका.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. काल उणे ६ मध्ये ऑफिसातून गरम दिवा लावून निघालो, घरापर्यंत टिकला. तरी हब डायनॅमो (चाकाच्या मध्यभागी बसणारा, चाक फिरलं की वीज देणारा) बसवावा असं वाटतंय, ६ व्होल्ट ३ वॉटचा. माझ्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत. पुढचं चाक नव्या हबवर कुणी बांधून घेतलंय का? आहे ती रिम आणि चाकाच्या तारा (स्पोक) चालतात का?